मानेला हात लावण्याआधी पाय तपासा

मानेच्या मणक्यांच्या दुखण्यावर ऑपरेशन करावे की हातांनी उपचार घ्यावेत, या वादात सध्या दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघीही भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतात. एकीकडे मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ असतात. रुग्णाच्या हनुवटीखाली हात, क्षणभराची उसंत, मग एक झटका, माइक लावून मोठा केलेला कडकन् आवाज, रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू आणि खाली ओळ, 'ऑपरेशन टळले'. दुसरीकडे त्यांचा समाचार घेणारे काही डॉक्टर असतात. त्यांच्या लेखी मानेला हात लावणारा प्रत्येक जण भोंदू, आणि एमआरआयमध्ये काही दबलेले दिसले की सुरीला पर्याय नाही. घरात असा रुग्ण असलेला माणूस या दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची फी कमी, त्याच्याकडे जातो.

मानेत दोन अगदी वेगळ्या गोष्टी दबू शकतात, आणि सगळा निवाडा त्यावर ठरायला हवा, असे माझे म्हणणे आहे. मणक्यांच्या बाजूच्या फटीतून हाताकडे निघणारी नस दबू शकते, किंवा मणक्यांच्या मधल्या नळीतून खाली उतरणारा मज्जारज्जू दबू शकतो. नस दबली असेल आणि हाताची ताकद झपाट्याने जात नसेल, तर हातांचे उपचार, व्यायाम आणि वेळ यांना पहिली संधी मिळायलाच हवी. ती न देणारे सर्जन घाई करतात. मज्जारज्जू दबला असेल तर मानेला झटका देणे अक्षम्य आहे, आणि 'आधी मालिश करून बघू' म्हणत घालवलेला वेळ रुग्णाच्या चालण्यातून वजा होतो. हा फरक न तपासता कोणाला मानेला हात लावण्याचा अधिकार नाही, मग त्याच्या भिंतीवर कोणतीही पदवी टांगलेली असो.

हा फरक ओळखायला अवघड आहे का? मानेतून नसांच्या आठ जोड्या निघतात आणि त्यांतली सहावी आणि सातवी सर्वाधिक वेळा दबतात. सहावी दबली की कळ दंडातून अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे जाते. सातवी दबली की मधले बोट बधिरते आणि कोपर सरळ करताना जोर लागत नाही. हे दुखणे आरडाओरडा करते. माणूस रात्र रात्र झोपत नाही, हात डोक्यावर ठेवून बसतो, कारण तसे बसल्यावर नसेवरचा ताण जरा उतरतो. असा रुग्ण दवाखान्यात आपसूकच येतो. मज्जारज्जूचे तसे नाही. तो बऱ्याचदा न दुखताच दबत जातो. शर्टाची बटणे लावायला वेळ लागू लागतो, सही बदलते, मोबाइलवर बोटे चुकीच्या अक्षरावर पडतात, अंधारात भिंतीचा आधार लागतो, चालताना चप्पल पायातून निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर ध्यानात येते. घरचे म्हणतात, वय झाले. मधुमेह असेल तर म्हणतात, साखरेमुळे मुंग्या येतात. कोणी मनगटातली नस दबली म्हणून मनगटाचे ऑपरेशनही सुचवतो. मायलोपथी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचे नेमके निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ जातो, असे अभ्यासांत दिसले आहे, आणि तेही जिथे आरोग्यव्यवस्था आपल्यापेक्षा बरी आहे अशा देशांत.

खरी गोम इथे आहे. मज्जारज्जू दबलेल्या माणसाची मानही थोडीफार आखडलेली असते. मालिश, शेक, हलके ताण यांनी ती मोकळी होते, बरे वाटते, आणि दुखणे गेले असा समज होतो. आत चाललेले चालूच राहते. हातांच्या उपचारांनी होणारे नुकसान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झटक्याने लुळा पडलेला माणूस येतो. तसे घडते, पण क्वचित. त्याहून कितीतरी अधिक जणांचे नुकसान हळू हाताच्या, सभ्य, आराम देणाऱ्या उपचारांनी होत असावे असे मला वाटते, कारण त्या आरामातच महिने निघून जातात. त्याची बातमी कुठे येत नाही.

आता सर्जनांच्या बाजूचे काही मान्य करण्याआधी त्यांच्या विरुद्धचा भक्कम पुरावा मांडतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावाने आपल्या रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी वर्षानुवर्षे जपल्या आहेत. तिथे १९७६ ते १९९० या काळात मानेतली नस दबलेल्या ५६१ रुग्णांचा मागोवा घेतला गेला आणि तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांवर ऑपरेशन झाले होते. शेवटच्या तपासणीत नव्वद टक्के रुग्ण एकतर ठणठणीत होते किंवा त्यांना किरकोळच त्रास उरला होता. स्वीडनमध्ये १९९७ साली ८१ रुग्णांची विभागणी करून काहींना ऑपरेशन, काहींना फिजिओथेरपी आणि काहींना नुसता मानेचा पट्टा दिला गेला. ऑपरेशनवाल्यांना सुरुवातीला लवकर आराम पडला. वर्ष उलटून गेल्यावर तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक राहिला नाही. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, बाहेर सरकली तर तिचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकते, हेही एमआरआयमधून पुन्हा पुन्हा दिसले आहे. मग पहिल्याच भेटीत 'तारीख घेऊन टाका' म्हणण्याची घाई कशाला?

शिवाय तो एमआरआय. जपानमधल्या नागोया भागात मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले गेले. सुमारे ८८ टक्क्यांच्या माना आतून 'बिघडलेल्या' निघाल्या, म्हणजे गादी कुठे ना कुठे फुगलेली होती. पाच टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांत तर मज्जारज्जूवर दाबही दिसला, आणि ती माणसे मजेत हिंडत होती. चाळिशीनंतर गादी फुगणे हे केस पांढरे होण्याइतके सार्वत्रिक आहे. फिल्म उजेडासमोर धरून काळ्या डागावर बोट ठेवणारा डॉक्टर रुग्णाला घाबरवतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण पुरते खरेही बोलत नसतो. दाब दिसणे आणि दाबामुळे काही बिघडणे यांत जे अंतर आहे ते तपासणीनेच कळते: ताकद, संवेदना, हातोडीने पाहिलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया, चाल.

म्हणजे हातांचे उपचार करणारे बरोबर आहेत? नस दबलेल्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी, पण ते सांगतात त्या कारणाने नव्हे. 'मणका सरकला होता, बसवला' ही कहाणी खोटी आहे. मणके इतक्या सहज सरकत नाहीत, आणि सरकले तर ते बोटांनी बसवण्याचे प्रकरण उरत नाही. तो कडकन् आवाज सांध्यातल्या द्रवात एकदम दाब घटून पोकळी तयार झाल्याचा असतो. बोटे मोडताना येतो तोच. हाड जागेवर गेल्याची ती पावती नव्हे. हातांनी घडते ते एवढेच: वेदनेच्या संदेशांना काही काळ आळा बसतो, आखडलेले स्नायू सैल होतात, हलक्या हाताने मान वर ओढली की नसेची फट तेवढ्यापुरती मोठी होते, आणि घाबरून मान ताठ धरून बसलेला माणूस पुन्हा ती हलवू लागतो. यावर योग्य व्यायामाची जोड दिली तर फायदा होतो, एकट्या हाताने फारसा नाही. नेदरलँड्समध्ये नुकतीच नस दबलेल्या २०५ रुग्णांवर झालेला प्रयोग २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. फिजिओथेरपी किंवा पट्टा मिळालेल्यांना पहिल्या सहा आठवड्यांत काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर आराम पडला. सहा महिन्यांनी सगळे एका पातळीवर आले. याचा अर्थ हातांनी रोग बरा केला नाही, शरीर तो बरा करीत असताना मधला काळ सोसण्याजोगा केला. मला हे काम कमी प्रतीचे वाटत नाही. रात्री झोप लागणे ही दुखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. पण मग 'ऑपरेशन टळले' ही पाटी कशाला? जे बहुतेकांत टळणारच होते ते टाळल्याचे श्रेय घेणे हा धंदा झाला.

हातवाले आणि पदवीवाले यांचे हे भांडण जुने आहे आणि इतिहासात दोघांचीही लाज निघालेली आहे. लंडनचे नामवंत सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८६७ साली विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिले. विषय होता, हाडवैद्य कोणते रुग्ण बरे करतात. त्यांच्यातले चांगले ते उचला, वाईट ते टाळा, असा त्याचा रोख होता. व्यवसायाने तो सल्ला ऐकल्याचे दिसत नाही. हर्बर्ट बार्कर या पदवी नसलेल्या हाडवैद्याला मदत केली, त्याच्या रुग्णांना भूल दिली, म्हणून फ्रेडरिक ॲक्सहॅम या डॉक्टरांचे नाव १९११ मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकले गेले. पुढे १९२२ साली त्याच बार्करला सरकारने 'सर' केले. ऑस्ट्रेलियातल्या परिचारिका एलिझाबेथ केनी यांची गोष्टही याच जातीची. पोलिओने लुळे पडलेले अवयव प्लास्टरमध्ये जखडून ठेवायचे अशी तेव्हाच्या डॉक्टरांची रीत होती. केनी गरम ओल्या कापडांचा शेक देऊन ते हलवू लागल्या. पोलिओत नेमके काय बिघडते याबद्दलची त्यांची उपपत्ती चुकीची होती, डॉक्टर त्यावर तुटून पडले, आणि तरीही रुग्णांना हलवावे हा त्यांचा आग्रह टिकला. आजच्या फिजिओथेरपीच्या पायात त्याचा दगड आहे. आपल्याकडेही हे शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले ते पोलिओच्या साथींच्या सावटाखालीच.

या गोष्टी हातवाले आवडीने सांगतात, आणि मीही त्या मानतो. पण त्यांतून काय निघते? कारण चुकीचे असले तरी कृती बरोबर असू शकते, एवढेच. कृती कायम बरोबरच असेल, किंवा एका दुखण्यावर चालली म्हणून सगळ्यांवर चालेल, हे निघत नाही. अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणक्यांना हाताने झटके देऊन उपचार करण्याच्या पद्धतीची, जन्मकथा आहे. कानाची नस कवटीतल्या कवटीत असते, मणक्यांच्या वाटेला ती जातच नाही. पण त्या एका प्रसंगावरून पामर यांनी बहुतेक सगळ्याच रोगांचे मूळ मणक्यांत शोधले. आपल्या गावांत पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायला जातात. उसण दोन-चार दिवसांत जाणारीच असते, त्यामुळे लाथेची कीर्ती अबाधित राहते. निदान त्या पायाळू माणसाने लाथेने मधुमेह जातो असे अजून म्हटलेले नाही.

आता मज्जारज्जूकडे वळतो. इथे माझ्या भूमिकेविरुद्धचा सर्वांत वजनदार पुरावा चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातून येतो. तिथल्या डॉक्टरांनी सौम्य ते मध्यम मायलोपथी असलेल्या रुग्णांचे दोन गट केले, एकाचे ऑपरेशन केले आणि दुसऱ्याचे नाही. तीन वर्षांनी, आणि पुढे दहा वर्षांनीही, दोन गटांत ठळक फरक आढळला नाही. ऑपरेशनविरोधक हा अभ्यास नाचवतात, आणि सर्जनांनी तो उडवून लावू नये. या आजारात ऑपरेशन विरुद्ध बिनऑपरेशन असे नीट वाटप करून झालेले दुसरे प्रयोग जवळपास नाहीतच. पण तो वाचायला तर हवा. रुग्ण सत्तरपेक्षा कमी होते. आजार हळूहळू वाढणारा होता, गंभीर रुग्ण घेतलेले नव्हते. आणि बिनऑपरेशनच्या गटाला काय दिले? मऊ पट्टा, वेदनेच्या गोळ्या, विश्रांती, मानेला धोका पोहोचेल अशी कामे टाळण्याची ताकीद. सोबत ठरावीक काळाने मज्जासंस्थेची बारकाईने तपासणी. कोणी त्यांची मान मोडली नाही. म्हणजे मानेला झटके देण्याच्या समर्थनार्थ जो अभ्यास पुढे केला जातो, त्यातले रुग्ण मान सांभाळून बसले होते. ब्रनोने सिद्ध केले असेल तर एवढेच की सौम्य आजारात, कडक देखरेखीखाली, थांबता येते. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे याच्याशी जुळतात: आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर शस्त्रक्रिया, सौम्य असेल तर शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालचे पुनर्वसन, आणि बिघाड दिसला की शस्त्रक्रिया. ऑपरेशन न करता थांबलेल्या रुग्णांचा आकडाही विसरू नये. वेगवेगळ्या अभ्यासांत, तीन ते सहा वर्षांत, २० ते ६२ टक्के रुग्ण खालावलेले आढळले. पल्ला मोठा आहे, पण त्याचे खालचे टोकसुद्धा पाचातला एक आहे.

हात इथे का चालत नाही, हे समजायला फार शरीरशास्त्र लागत नाही. मानेच्या मणक्यांमधली नळी पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असते. १३ च्या खाली गेली की अरुंद म्हणतात. पुढून फुगलेली गादी आणि वाढलेली हाडांची टोके, मागून जाड झालेला पिवळा अस्थिबंध, मधे मज्जारज्जू. मान मागे वाकवली की मागचा अस्थिबंध सुरकुतून आत येतो आणि नळी आणखी अरुंद होते. झटक्यात मान मागे नेऊन वळवणे म्हणजे आधीच अडचणीत असलेल्या मज्जारज्जूला एका क्षणात चिमटा काढणे. काहींमध्ये मणक्यांच्या मागून उभा जाणारा अस्थिबंधच हाड होऊन बसतो. हा आजार जपानमध्ये विशेष आढळतो, आपल्याकडेही दुर्मीळ नाही. हाड झालेल्या पट्टीला बाहेरून दाबून जागा होणार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकसाठीच काढलेल्या मार्गदर्शिकेत, गादी बाहेर आलेली असून मज्जासंस्थेचा बिघाड वाढत असेल तर झटक्याचे उपचार वर्ज्य सांगितले आहेत. तेव्हा हे म्हणणे सर्जनांच्या कंपूने रचलेले आहे, या आरोपात दम नाही.

झटक्याचा दुसरा धोका मानेतल्या रक्तवाहिन्यांना आहे. मणक्यांतल्या छिद्रांतून मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटली तर पक्षाघात होऊ शकतो. न्हाव्याकडे चंपीनंतर मान मोडून घेतली आणि हे झाले, अशा बातम्या अधूनमधून येतात आणि दोन दिवस सगळे न्हावी बदनाम होतात. इथेही प्रतिपक्षाचा मुद्दा खरा आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला २००८ चा मोठा अभ्यास सांगतो की या प्रकारच्या पक्षाघाताआधी रुग्ण जसे कायरोप्रॅक्टरकडे गेलेले आढळले, तसेच ते साध्या फॅमिली डॉक्टरकडेही गेलेले आढळले. म्हणजे बऱ्याचदा धमनी आधीच फाटू लागलेली असते, त्यामुळे मान आणि डोके दुखते, म्हणून माणूस उपचाराला जातो. दोष शेवटच्या हाताला लागतो. ठीक, मानू. पण मग हा बचाव कुणीकडे नेतो? धमनी फाटत असलेली माणसे मानदुखी म्हणून तुमच्या दारात येतात हे तुम्हीच म्हणता, तर त्यांना ओळखल्याशिवाय मान वळवायची नाही ही जबाबदारी दुप्पट होते. त्यातून झटक्याने असा कोणता जादा लाभ होतो? लॉस एंजेलिसमध्ये मानदुखीच्या ३३६ रुग्णांवरचा प्रयोग २००२ मध्ये आला. झटका देऊन केलेले आणि सावकाश सांधे हलवून केलेले उपचार, दोघांचा गुण जवळपास सारखाच. सारख्या लाभासाठी क्वचित का होईना, पण आयुष्यभराच्या नुकसानीची जोखीम घ्यायची, ती कशासाठी? व्हिडिओत आवाज यावा म्हणून?

सर्जनांनी मात्र एवढ्यावर खूश होऊ नये. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना गिळायला त्रास होतो, काहींचा खांदा दुबळा पडतो. दोन मणके एकत्र सांधल्यावर शेजारच्या मणक्यांवर भार येतो. १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दर वर्षी सुमारे तीन टक्के लोकांना शेजारच्या पातळीवर नव्याने त्रास सुरू झालेला दिसला. हे पहिल्या भेटीत सांगितले जाते का? 'अमक्याने ऑपरेशन केले, तरी पाय आलेच नाहीत' ही गावोगाव ऐकू येणारी तक्रार खोटी नसते. पण तिच्या पोटात एक हिशेब दडलेला आहे. मज्जारज्जू जितका काळ दबून राहतो तितका शस्त्रक्रियेनंतर तो कमी सावरतो. दोन वर्षे तेलात, पट्ट्यात, ट्रॅक्शनमध्ये आणि गोळ्यांत घालवून चाकाच्या खुर्चीवर आलेला रुग्ण ऑपरेशनने धावू लागत नाही. मग ते अपयश ऑपरेशनच्या खात्यावर पडते, त्या अपयशाची भीती पुढच्या रुग्णाला तेलाकडे ढकलते, आणि तोही उशिरा येतो.

या चक्रात सापडतो कोण? माथाडी कामगारांसाठी आपल्या राज्याने १९६९ मध्ये कायदा केला, पण पोते आजही मानेवर आणि पाठीवरच चढते. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेची झीज लवकर होते हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आले आहे. अशा माणसाला 'सहा आठवडे जड उचलू नका' असे सांगणे म्हणजे सहा आठवडे चूल बंद ठेवा असे सांगणे. तो मालिशवाल्याकडे जातो तो अडाणी म्हणून नव्हे. मालिशवाला संध्याकाळी भेटतो, उधारीवर भेटतो, अंगाला हात लावतो आणि ऐकून घेतो. मोठ्या रुग्णालयात अर्धा दिवस जातो, आणि डॉक्टरसमोर गेल्यावर फिल्म पाहिली जाते, माणूस पाहिला जात नाही. खुर्चीवरून उठवून चार पावले चालायला लावणारे डॉक्टर किती भेटतात?

याच कारणाने मला हातवाल्यांना हाकलून लावण्याचा डॉक्टरांचा आग्रह आत्मघातकी वाटतो. नीट शिकलेला फिजिओथेरपिस्ट एका रुग्णाला आठ-दहा वेळा भेटतो, दर वेळी त्याला चालत येताना पाहतो, त्याचे हात हातात घेतो. मज्जारज्जूचा बिघाड सर्वांत आधी कोणाच्या नजरेस पडू शकेल तर त्याच्या. लागणाऱ्या तपासण्यांना यंत्र लागत नाही. दहा सेकंदांत मूठ पुरी उघडून मिटायला सांगायची. निरोगी माणूस वीसच्या आसपास किंवा अधिक वेळा करतो, मायलोपथीत आकडा घसरतो. मधल्या बोटाचे टोक खाली दाबून सोडायचे आणि अंगठा आपोआप आत वळतो का ते पाहायचे. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत एका रेषेत चालवायचे. गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारायची. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. यातली एखादी चाचणी चुकवू शकते, म्हणून सगळ्या मिळून पाहायच्या, आणि शंका आली की मानेवरचा हात काढून चिठ्ठी लिहायची.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. त्यावर किती शाई आणि किती अहंकार खर्च झाला! मान दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया कोण तपासणार, तपासल्याची नोंद कुठे राहणार, आणि न तपासता झटका दिला तर कोणाला जाब विचारायचा, हे त्या गदारोळात कोणी विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पाटीवर दोन अक्षरे असली काय आणि नसली काय, मज्जारज्जूला त्याचे सोयरसुतक नाही. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने १९९१ सालीच कायरोप्रॅक्टिकच्या धर्तीवरच्या उपचारांबाबत पत्रक काढून मानेला झपाट्याने पिळे देण्याची पद्धत बंद करावी असे बजावले होते. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आहे. त्याला हे करता येईल. तपासणीच्या लेखी नोंदीशिवाय मानेवर झटक्याचा उपचार नाही, असा साधा नियम. तो पदवीधराला लागू, कायरोप्रॅक्टरची पाटी लावून बसलेल्याला लागू, आणि 'रुग्ण म्हणाला म्हणून केले' ही सबब न चालणारा.

याच्या जोडीने पैशाचे गणितही बदलावे लागेल, कारण नुसत्या नियमाने हात थांबतील, पर्याय उभा राहणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती बांधलेल्या आहेत. मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया त्यांत बसतात. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जाण्याच्या फेऱ्या बसत नाहीत. म्हणजे ज्या नस दबलेल्या माणसाला बहुधा ऑपरेशन लागणारच नाही, त्याच्यासाठी ऑपरेशन फुकट आणि व्यायाम विकत. हे उलटे करून पाहावे. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची जागा भरलेली हवी, नस दबलेल्यांना सहा ते आठ आठवड्यांचे उपचार योजनेतून मिळावेत, मजुराला त्या काळापुरता बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळावा, आणि ज्याची मूठ दहा सेकंदांत दहा वेळाही उघडत नाही त्याला त्याच दिवशी तिथूनच जिल्ह्याच्या सर्जनकडे पाठवले जावे. त्यानंतरही ऑपरेशनची यादी तेवढीच लांब राहिली, तर सर्जन म्हणतात ते खरे मानायला मी तयार आहे.